साडेसोळा इंच

रुवीच्या बसस्टँडमागे, शिंप्यांच्या गल्लीत
शहदादचं दुकान. बाहेर टांगलेले तंबू,
आत मेणकापडाचा वास, आणि एसीचं पाणी
तेलाच्या रिकाम्या डब्यात थेंब थेंब.

मी म्हटलं, ती निळी बॅग दाखवा.
तो म्हणाला, आधी पाठ दाखवा.

लेकीला हाक मारली त्याने. तिने माझी वेणी पुढे घेतली,
मान वाकवल्यावर वर येतं ते हाड चाचपलं,
तिथून कमरेच्या हाडापर्यंत टेप सोडली.
साडेसोळा इंच.

एकोणीस वर्षं झाली या मुलखात.
रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले,
सामान तर दर खेपेला तोललं: तीस किलो,
वर दोन भरले की काउंटरसमोर फतकल मारून
दुधाची पावडर कमी करायची की काकांची ब्लँकेट.
पाठ कुणी मोजली नव्हती.

निळी लांब निघाली.
माझ्या मापाची एकच होती, तिचा रंग
शेवाळी म्हणावा तर शेवाळाचा अपमान.

मग तो बाटल्या भरू लागला, दीड लिटरच्या नऊ.
इथल्या डोंगरात वजन म्हणजे पाणी, म्हणाला,
बाकी तुम्ही घेता ती सगळी हौस.
जड ते पाठीला चिकटून, हलकं ते लांब.
चढवली. खांद्यांनी लगेच कां-कूं केली.
आधी कमरेचा पट्टा, तो ओरडला, खांद्याचे मागून!
आवळला,
आणि भार सरकून खाली बसला,
जसं कडेवरचं पोर
चुळबुळता चुळबुळता एकदम जागा सापडून गप्प होतं.

म्हणजे घरादाराचा भार खांद्यावर घेतला
असं आम्ही म्हणत आलो ते उगाच.
कळशी कडेवर आणणाऱ्या आत्याला ठाऊक असणार,
भार कुठे ठेवायचा.
तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

टिकेल का, मी विचारलं.
त्याने एक डबा टेबलावर पालथा केला:
मेलेली बक्कलं, शंभर तरी असतील.
हे उन्हात गाडीत राहिलेलं. हे खडकावर आपटलेलं.
हे एका जर्मनाचं, फार महाग होतं.
कापड शेवटी फाटतं, म्हणाला,
त्याआधी चेन वाळू खाते, शिवण सुटते.
बॅग उलटी करून पट्ट्याच्या मुळाशी बोट ठेवलं:
शिवणीचा चौकोन, चौकोनात फुली.
मी मोटारीच्या सुट्या भागांच्या कंपनीत हिशेब तपासते.
फुली म्हणजे चूक, जन्मभर हेच.
ही फुली मी नखाने ओढून पाहिली. हलली नाही.

जुवैनाने बजावलं होतं,
अर्धा तास चालल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही.
म्हणून पार्किंगमध्ये फेऱ्या, नोव्हेंबरची दुपार,
दोन टॅक्सीवाले थांबून बघतायत, एकाने हॉर्न दिला.
विसाव्या मिनिटाला डावीकडे टोचलं.
शहदादने एक पट्टी बोटभर सैल केली, म्हणाला, आता?
आता काही नाही. आता नुसती मी,
आणि पाठीमागे डुचमळणारं साडेतेरा लिटर.

पंचेचाळीस रियाल सांगितले, एक्केचाळीसला दिली.
बाटल्या मात्र मोजून परत घेतल्या.

जबल अख्दरला अजून बारा दिवस.
लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले, तीन मजले,
रिकामी बॅग, पट्टा मुद्दाम आवळलेला.
दारात सेलीनचेची उभी, हातात कढीपत्ता.
सुट्टी लागली? गावी निघालीस?
नाही हो, इथेच, डोंगरात. तीन दिवस.
तिने बॅगेकडे पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.
आणि कुणासाठी काय नेणार?

पाणी, मी म्हटलं.