पांढरी पाच, किंचित चढी

बुधवार पेठेत सगळी दुकानं झाली.
"पन्नास मायक्रोफॅरड, साडेतीनशे व्होल्ट?
काका, हे आता कुणी बनवत नाही."
जुन्या बाजारात एक मिळाला, तोही फुगलेला.

मग तांबोळींनी मूळचाच सोडवला,
हेअर ड्रायरने तापवून
आतला डांबरट गाभा ओढून काढला
आणि रिकाम्या डबीत बोटाएवढा नवा बसवला,
वरची निळी अक्षरं पुसू न देता.

व्हॉल्व्ह तांबूस झाले. आवाज लख्ख.

प्रमिलाताई कान देऊन बसल्या.
"घरघर कुठे गेली?
दादा तानपुरा तिच्यावरच लावायचे."

तांबोळींनी कागदाची पुडी पुढे केली.
"परत घालू?"

त्यांनी वास घेतला.
"नको.
पण बांधून द्या."