नऊ गोल

सकाळी साडेपाचला मोतीबागेच्या मैदानावर
मी चुना ओढतो.
मधला गोल सगळ्यात शेवटी:
दोरीचं एक टोक खुंटीला, दुसरं माझ्या मुठीत,
चालत चालत मी परत माझ्यापाशीच येतो.

त्याच वेळी इबोन यायचा,
हातात बूट, उजव्या गुडघ्यावर दोन व्रण,
एक खेळानं दिलेला, एक डॉक्टरनं.
अकादमीवाल्यांनी तीन महिन्यांसाठी आणलेला स्पेनचा माणूस.
पोरांना वाटलं होतं, टीव्हीवरचा कोणीतरी येईल.
मोबाइलवर त्याचं नाव शोधलं त्यांनी:
चारशे बारा सामने, नऊ गोल.
"नऊच बे? आपला रौनक एका सीझनमध्ये चौदा मारते!"
सगळे हसले.
मी नाही हसलो.
मीही हाफच होतो, पार्सल ऑफिसच्या टीमचा, अकरा वर्षं.
माझे तीन. त्यातला एक आपल्याच जाळीत.

त्याची हिंदी चार शब्दांची, माझं इंग्रजी चाळीस.
तर्री-पोहे खाताना तेवढीही लागत नसे,
दोघांच्याही डोळ्यांतून पाणी.
एकदा टपरीच्या बाकावर त्यानं संत्रं सोललं,
अकरा फोडी मांडल्या. म्हणाला, ही माझी टीम, पहिल्या वर्षीची.
हा विकला गेला, आणि त्यानं फोड खाल्ली.
हा कोच झाला. हा दारूत गेला.
हा गोलकीपर, आता मासे विकतो.
खात खात मधली एक उरली.
ती बोटानं पुढे सरकवली माझ्याकडे.
गोड होती. एक बी होती.

वरच्या डिव्हिजनमध्ये एकच वर्ष मिळालं त्याला.
एका रात्री भरल्या स्टेडियमात
एका फार मोठ्या खेळाडूच्या पायातून यानं बॉल काढला,
न थांबता डावीकडे दिला,
तिथून कोणीतरी, मग कोणीतरी, मग गोल.
दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला फोटो पाकिटात आहे अजून,
घडीवर फाटलेला. नाचणारे तिघं,
आणि कडेला एक कोपर.
"तो मी."

शेवटचा सामना? विचारलं मी.
बदलीची पाटी वर गेली, त्याचा नंबर.
तो पलीकडच्या रेषेवर होता.
संघ हरत होता, म्हणून सगळे ओरडले,
लवकर चाल.
तो पळत बाहेर आला.

पोरांना तो एकच गोष्ट शिकवायचा:
बॉल येण्याआधी मागे वळून बघ, कोण कुठे आहे.
इंग्रजीत सांगून थकला, तेव्हा मी म्हटलं, असं म्हण,
मागं पाय.
पाय म्हणजे बघ, सांगितलं.
मग गुडघ्याखाली हात लावून सांगितलं,
हासुद्धा पाय.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला
जसं काही चारशे बारा सामन्यांत
हे कोणी त्याला सांगायचंच राहिलं होतं.
मग दिवसभर, उन्हात लाल होऊन,
"मागं पाय! निकारे, बरोबर? मागं पाय, बे!"
'बे' त्याचं तोच शिकला.

मार्चअखेर तो गेला. निरोपाला पेढे, शाल,
आणि बॅनरवर नाव चुकलेलं.

काल अंडर-फोर्टीनची मॅच होती.
पाचपावलीचा बारापात्रेचा पोरगा, काडीसारखा,
बॉल यायच्या आधी दोनदा खांद्यावरून बघून घेतो,
चोरासारखा.
मग एका टचमध्ये देऊन मोकळा.
रौनकनं गोल मारला. त्रेसष्टावं मिनिट.
रजिस्टरात मी रौनकचं नाव लिहिलं,
आणि दुसरं लिहायला रकाना शोधला.
नाही तिथे रकाना.

आज पहाटे मधला गोल काढताना
कोणी आल्यासारखं वाटलं.
मी मागं पायलं.
कुंपणापलीकडे यार्डात शंटिंगचं इंजिन
दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे डबे जुळवत होतं.
तेवढ्यात चुना रेघेबाहेर सांडला थोडा.
राहू दिला.