अडकलेला आकडा

फाकुंदो, फोटो मिळाला.
गाडी देखणी आहे, उगाच नावं ठेवणार नाही.
दाताच्या डॉक्टरकडच्या भिंतीसारखी पांढरी.
दाराला मूठ म्हणून नाहीच,
हात जवळ नेला की आपणहून बाहेर येते म्हणतोस,
गोगलगायीच्या शिंगासारखी.
जुलैच्या गारठ्यात मी उठायच्या आधी ती गरम होऊन बसेल,
टायरात हवा कमी झाली तर तुझा फोन वाजेल,
आणि तिकडे नेउकेनला, ऑफिसात, खुर्चीवरून न उठता
तुला दिसेल, आई कुठं आहे.

या वाक्यापाशी मी चष्मा काढून ठेवला.

आपली रेनो अजून आहे.
गिअर तसाच, डॅशबोर्डातून बाहेर आलेला,
कुणी भिंतीत छत्री खुपसून विसरून गेल्यासारखा.
पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, म्हणून टाकीत काठी घालून बघते.
बॅटरी रुसली तर पुढून हँडल मारते.
खांदा दुखतो दोन दिवस,
पण कुणाची परवानगी लागत नाही.
क्लचची वायर तुटली तेव्हा
बाबांनी कुंपणाची तार कापून बांधली होती,
तू मागच्या सीटवर, गोवरानं फणफणलेला.
महिन्याभरानं ते मुद्दाम साठ किलोमीटर गेले,
मेंढ्यांच्या मालकाला तेवढीच तार परत द्यायला.

किलोमीटरचा आकडा मात्र अडकलाय.
अठ्ठ्याऐंशी हजार चारशे बारा.
बसिलियो दर वेळी विचारतो, नवी केबल टाकू का?
मी म्हणते, पुढच्या महिन्यात.
नऊ वर्षं झाली त्या पुढच्या महिन्याला.

कारण असं आहे, फाकुंदो,
की गुरुवारी मी जाते.
वारा पाठीशी असला तर दीड तास,
तोंडावर असला तर कितीही.
खडीचा रस्ता संपतो, मग रस्ताच संपतो,
ग्वानाको माना वर करून बघतात
आणि पुन्हा चरायला लागतात,
त्यांना काय पडलंय.
थर्मास असतो, येर्बाची पुडी असते, उकडलेली अंडी असतात.
अंडी किती, ते नाही सांगत.

एकोणतीस वर्षं मी पोस्टात शिक्के मारले.
कुणाचं पत्र, कुणाला, कुठून,
सगळ्या गावाचं येणंजाणं या हाताखालून गेलं
आणि एक अक्षर ओठाबाहेर पडलं नाही.
आता उतारवयात मी
चोंबडी गाडी पाळू?
रात्री अंगणात उभ्या उभ्या
कुठल्या कोण कंपनीला सांगत बसेल:
आज बाई इथं थांबल्या, इतका वेळ,
उतारावर ब्रेक जरा जोरात मारला,
शेजारच्या सीटवर वजन होतं.

तुझी भीती खोटी नाही.
एर्सिलियाची गाडी दोन रात्री चरात पडून होती.
तिला बाहेर काढलं तेव्हा तिचे हात मीच चोळले,
लाकडासारखे झाले होते.
म्हणून ऐक.
दर गुरुवारी निघताना एक लिफाफा बंद करून
मी पिठाच्या डब्याखाली ठेवते.
आत जागा लिहिलेली असते, आणि एक नाव.
शुक्रवारी दुपारपर्यंत माझ्या धुराड्यातून धूर दिसला नाही
तर बसिलियोनं तो फोडायचा.
दिसला, तर त्याच धुरात तो लिफाफा असतो.

बाकी ठीक.
आगाऊ दिलेले पैसे परत मिळतात का विचार,
लाजू नकोस.
आणि पाठवायचंच असेल काही
तर डाव्या बाजूचा आरसा बघ कुठं मिळतो का,
मागच्या आठवड्यात वाऱ्यानं नेला.
साधाच. हातानं वळवायचा.