दुहेरी वीण

तिकीट देणारीच्या बिल्ल्यावर नाव: व्हर्ना वाचाचा.
मी ते 'वाचेचा' असं वाचलं
आणि उगाच हसले.

आत गारवा. भिंतीवर चेरोकी अक्षरं,
व्यंजन न् स्वर एकाच खुणेत नांदणारे.
प नाही, ब नाही, व्हर्ना म्हणाली,
ओठ फारसे मिटावेच लागत नाहीत.
माझे मिटत राहिले. सवय.

मग काचेत ती टोपली, बोरूच्या पट्ट्यांची:
तळातून निघते, आतून वर चढते,
काठावर वळून बाहेरून उतरते
आणि पुन्हा तळाशी स्वतःतच बुडते.
सुरुवातीचं टोक शोधत
मी गुडघ्यांवर बसले.
खाली चिठ्ठी. मनात मराठी केली:
अक्रोडाचा रंग. कर्ता अज्ञात.
अज्ञात, तरी पुल्लिंगी.

व्हर्ना फडकं घेऊन आली,
सहलीच्या पोरांच्या नाकांचे डाग पुसत म्हणाली,
"एमलाइन. आईची मावशी.
करंगळी मोडलेली तिची,
म्हणून वीण अशी डावीकडे ओढते, बघ."

"सांगितलं नाहीस कुणाला?"

"दोनदा. कागद मागतात."
चिठ्ठीच्या वरची काच
ती जरा जास्तच वेळ पुसत राहिली.

बाहेर नदी, खडकांवरून बडबडत.
काठाला बोरू उभा, अजून कुणाचाच नसलेला.
मी तिथंच चिठ्ठी खोडली:
कर्ती.
पुढचं नाव उच्चारताना
ओठ मिटले, म वर, एकदाच.