नमुना एकतीस

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
पोरं शेतकरी संघाच्या गोदामात येतात.
युरियाच्या थप्प्या भिंतीला सरकवून
आम्ही सतरंजी अंथरलेली असते.

मागच्या खेपेला उसाचं बेणं होतं.
डोळा वर ठेवून लावायचा की कडेला,
यावर श्रेणिक मगदूम आणि त्याची मावसबहीण
हातघाईवर आले.
त्याच्या आधी गुऱ्हाळ. त्या दिवशी कुणी काही शिकलं नाही,
नुसती बोटं चाटली.

या वेळी माती.
सांगितलं होतं, आपापल्या रानातनं आणा.
वीतभर खड्डा, कडा खरवडून घ्यायची,
बांधावरची नको, उकिरड्याजवळची नको.
पाटीत पसरून तिच्या चार वाटण्या करायच्या,
समोरासमोरच्या दोन टाकून द्यायच्या,
उरलेल्या दोन परत मिसळायच्या.
"आमच्यात वाटणी झाली की परत मिसळत न्हाईत,"
मागनं कोणतरी म्हणालं,
आणि दोघी बहिणी सोडून सगळे हसले.

तीस पिशव्या आल्या, काळ्या मातीच्या.
एक रुमाल, तांबड्या.
रुमालाला ताकाचा वास, हळदीचा,
जरासा कापराचा.
"कुठलं रान रे, इर्शाद?"
"आमाला रान न्हाई बाई.
तालमीतनं आणली, हौदातली.
मी रोज तितंच असतोय."

कार्डावर रकाने छापलेले असतात:
शेतकऱ्याचं नाव, गट नंबर,
बागायत का जिरायत, मागचं पीक.
मी पेन उघडून बसले.
मागचं पीक काय लिहायचं, हे मला
तीस जणांनी एकदम सांगितलं.

नळीतलं पाणी गढूळलं, मग निवळलं.
काळ्या रानांचा सामू साडेआठला टेकलेला.
(पाणी कमी सोडा म्हणावं, पोरांनो, घरी सांगा.
सांगणार नाहीत, मला ठाऊक आहे.)
हिचा सहाच्याही खाली.
"म्हंजे नापास?"
"म्हणजे आंबट. ताक पिऊन पिऊन."

मंगळवारी वस्ताद आले,
दोन्ही कान मोडलेले, दार भरून.
"आमची माती कुणी आणली हितं?"
मूठभर तर होती, पण विचारलं असं
जशी रोज मोजून ठेवत असावेत.
इर्शाद थप्पीच्या मागं.
मी कार्ड पुढं केलं.
त्यांनी ते हातभर लांब धरलं, मग पोरांच्या बाकड्यावर
गुडघे छातीशी घेऊन बसले
आणि आकडा मला दोनदा वाचायला लावला.
"लिंबं जास्ती झाली आसतील," म्हणाले,
घरातलं पोर अशक्त निघावं तसल्या आवाजात.
"काय घालू?"

रान असतं तर चुना सांगितला असता.
हौदाचं माझ्या पुस्तकात नाही.
तसं म्हटलं, तर पुढच्या शनिवारी
ते स्वतःच फावडं घेऊन आले.
"माती रोज उकरायची. बसू द्यायची न्हाई.
बसलेली माती हाडं मोडती."
हेच मी जूनमध्ये शिकवलं होतं,
मुळांना हवा लागते म्हणून, आकृती काढून.
तेव्हा अर्धा वर्ग पेंगत होता.
आता श्रेणिकसुद्धा तोंड उघडं टाकून बसलेला.

इर्शादनं करवंटीत ती माती भरली,
भुईमुगाचे नऊ दाणे टोचले.
दोन उगवले. एक पिवळा पडून गेला.
उरलेला खिडकीत आहे, वजनकाट्याशेजारी,
त्याला चार पानं आली की तो मला
आठ म्हणून सांगतो.

सेक्रेटरी म्हणतात, गट नंबर नसलेलं कार्ड
फाईलला लावता येत नाही.
त्यामुळं एकतीस नंबर माझ्या खणात असतो.
करवंटीवर शिंपडायचा तांब्या
तिथंच ठेवते मी.
कार्डाचा एक कोपरा भिजून तांबडा झालाय.