तळघरातली जोडी

सात नंबरच्या मास्तरीणबाई बदलीवर गेल्या
आणि जाताना पिंजरा माझ्या हातात दिला,
रोज कचऱ्याची पिशवी देत तसाच.
"इल्यास, जोडी आहे. जुळली तर जुळली."
पिवळा तो लिमोन. निळी ती बोन्जुक.
बोन्जुक म्हणजे दृष्टीचा मणी;
ह्या इमारतीत ह्याच नावाचे आणखी तीन पोपट आहेत
आणि एक मांजर.

मी एस्कीशेहीरच्या ह्या पाच मजल्यांचा राखणदार.
पहाटे पाव, मग वर्तमानपत्रं,
मग बॉयलरचा कोळसा, मग जिने.
आमच्या तळघराला खिडकी एकच, तीही आत उघडते,
इमारतीच्या पोटातल्या उभ्या बोळात,
जिथून वरच्यांच्या फोडण्या आणि खोकले खाली येतात.
त्या बोळाला इथे म्हणतात आयदनलक. म्हणजे उजेड.
नाव ठेवणाऱ्याने तळातून वर कधी पाहिलं नसावं.

एल्मास, माझी चौथीतली मुलगी, हिने वहीत सगळं मांडलं:
संत्र्याच्या खोक्याची पेटी, तळाला वाटीएवढा खळगा,
भोक अक्रोड जाईल एवढं.
मोड आलेले राळे. समुद्रफेस. उकडलेलं अंडं.
"अंड्यासाठी अंडं?" दुर्दाने म्हणाली,
पण आपल्या ताटातलं अर्धं तिनेच कुस्करलं.
बल्ब चौदा तास.
(मीटर इमारतीचा आहे. कुठे बोलू नका.)

नोव्हेंबर गेला. बर्फ पडलं.
लिमोन पेटीत डोकावे, मान हलवी, मागे येई,
भाड्याचं घर बघायला आलेल्या माणसासारखा.
बोन्जुकच्या चोचीवरची कातडी तपकिरी व्हायची
ती होईना.
एल्मास रोज बघे आणि वहीत लिही: पांढरी. पांढरी. पांढरी.

बाजारातला नेज्मी दाणे तोलता तोलता म्हणाला,
"दोघंच आहेत ना? मग कसं व्हायचं.
थव्याचे जीव हे. आजूबाजूला गलका नसला
तर त्यांना वाटतं, जग संपलं.
संपलेल्या जगात घर कोण मांडतं?"

सतरा वर्षं मी ही दारं वाजवली, ती त्यांच्या कामासाठी.
स्वतःच्या कामासाठी वाजवताना
बोट घंटीवर टेकेचना.
"हानिम, रोज सकाळी तासभर
तुमचा पिंजरा आतल्या खिडकीत ठेवाल?"
तीन नंबरच्या हसल्या.
निवृत्त इंजिनड्रायव्हर साबाहात्तिनबेंनी कारण दोनदा विचारलं,
दुसऱ्यांदा जरा लाजून.
पाच नंबर म्हणाले, सहावाले ठेवणार असतील तर आम्ही नाही.
सहा नंबरही तेच म्हणाले.
मी खोटं बोललो, दोघांकडेही.

मग एका सकाळी वरून आवाज सांडला,
माळ तुटून मणी जिन्यावरून उतरावेत तसा,
टपटप, मजल्यामागून मजला.
लिमोन दांडीवर ताठ झाला.
बोन्जुकने पंख सैल सोडले
आणि उत्तर दिलं. एवढ्याशा गळ्यातून
एवढं उत्तर.

नवव्या दिवशी वहीत: तपकिरी (थोडी).
एक दिवसाआड एक, अशी पाच अंडी.
टॉर्च लावून पाहिली: चार नुसतीच चकचकीत, रिकामी;
एकात लाल दोरा.
एल्मास म्हणाली, पुरे.
दुर्दाने काहीच म्हणाली नाही. बॉयलरला एक फावडं जास्त टाकून आली.

अठरा दिवस मी पाव वाटला आणि दारादारात
पावाआधी तोच प्रश्न.
पाच नंबरने सहा नंबरला जिन्यात थांबवून विचारलं,
मी कान देऊन ऐकलं, खोटं बोलणार नाही.

एकोणिसाव्या पहाटे पेटीत कुणीतरी
पेन्सिलीचं टोक काचेवर ओढल्यासारखं बोललं.
मी खिडकी उघडली.
वर सगळीकडे डोकी बाहेर, खाली वाकलेली,
पहिल्यांदाच खाली वाकलेली,
आणि साबाहात्तिनबे त्यांच्या इंजिनाच्या आवाजात,
"इल्यास! झालं का?"

"हळू," मी म्हणालो, "घरात बाळंतीण आहे."

पाचही मजले गप्प झाले.
पक्षी तेवढे झाले नाहीत.