पाठमोरा

जेवणानंतरचं सत्र, मकरपुऱ्याचा कारखाना.
माझी एकेचाळिसावी स्लाइड:
‘आपत्काळी शांत राहा.’
सगळे शांतच होते,
शिर्के फोरमन तर तोंड उघडं टाकून.

प्रोजेक्टर बंद केला. दिवेही.
म्हटलं, रुमाल बांधा डोळ्यांवर.
धूर झालाय. निघा बाहेर.

खुर्च्या आडव्या. कुणी कुणाची कॉलर धरली.
हशा पिकला,
मग हळूहळू विझला.
अकरा जण कपाटाचं दार ओढत राहिले
आणि शिर्के भिंतीलाच विचारत होते,
‘आ बाजु ने?’

कँटीनचा सोमला राठवा
कप गोळा करायला आलेला.
हजेरीत त्याचं नाव नव्हतं.
हौसेनं त्यानंही खांद्यावरचं फडकं डोळ्यांवर बांधलं,
सात पावलं, मग डावीकडे गिरकी,
टाचेनं दार ढकललं
आणि उभा राहिला उन्हात.

‘रोज पाठमोराच निघतो ना, मॅडम,
दोन्ही हात ट्रेत.’

उरलेल्या स्लाइड उरल्याच.
प्रमाणपत्रं छापून आणली होती एकोणतीस.
तिसावं मी हातानं लिहिलं,
राठवातला ठ जरा तिरका आला.

त्यानं ते ट्रेत ठेवलं,
उष्ट्या कपांखाली,
पंख्यानं उडू नये म्हणून.